बक्षी साहेबांची छत्री

मी नौदलात पंधरा वर्षं छत्र्या बांधल्या. रजेवर पिंपळीला आलो की कुणीतरी विचारायचंच, "लोंढे, तू तितं बोटीवर नेमकं करतोस काय?" मी सांगायचो, छत्र्यांच्या घड्या करतो. आमच्या वस्तीतले एक तात्या एकदा फार हळहळले. म्हणाले, "मॅट्रिक झालं पोरगं, समुद्रावर गेलं, आन् शेवटी छत्र्याच दुरुस्त करायच्या व्हत्या, तर बारामतीत काय कमी व्हत्या व्हय?"

त्या छत्र्या म्हणजे पॅराशूट. जेट विमानाच्या पायलटच्या पाठीला एक घट्ट बांधलेलं पुडकं असतं. विमान हाताबाहेर गेलं तर तो डोक्यामागचा पडदा दोन्ही हातांनी तोंडावर ओढतो, खुर्ची त्याला घेऊन बाहेर उडते, मग खुर्ची सुटते आणि पुडक्यातली छत्री उघडते. खुर्ची बघणारे वेगळे होते. पुडकं आमचं.

ह्या कामाची एक गंमत आहे. शिंप्यानं शिवलेला सदरा बरा बसला की नाही, ते गिऱ्हाईक अंगात घालून सांगतं. आमचं काम कुणाला उघडायची वेळ येऊ नये, अशीच सगळ्यांची इच्छा. दोन महिन्यांनी छत्री जशीच्या तशी परत यायची. आम्ही ती उलगडायचो, उंच खोलीत टांगून तिला वारं द्यायचो, शिवण न् शिवण बोटांनी चाचपायचो, आणि लांबच लांब टेबलावर आडवी करून पुन्हा तीच घडी घालायचो. चोवीस पाकळ्या, बारा ह्या बाजूला, बारा त्या बाजूला. घडी हलू नये म्हणून वर शिशाच्या छोट्या पिशव्या ठेवायच्या. पुडकं बंद करण्याआधी त्या पिशव्या आणि हत्यारं मोजायची, कारण एखादी आत राहिली तर माणूस गेलाच. मग लाल दोऱ्याची गाठ, रजिस्टरात माझी सही, आणि टप्प्याटप्प्यानं तपासणाऱ्या चीफची सही. मी घातलेल्या शेकडो घड्या मीच मोडल्या. काम चांगलं झालं होतं की नाही, हे कधी कळतच नसे.

तेव्हा आमच्या विमानवाहू जहाजावर सी हॉक होती. एका माणसाचं, एका इंजिनाचं विमान. आपल्याकडची पहिलीवहिली जेट, जी चालत्या जहाजावरून उडायची आणि चालत्या जहाजावरच उतरायची. आजच्या विमानांपुढे ती खेळणी वाटतील. पण काय देखणी होती! अंगानं मासोळीसारखी. पंख वर दुमडून डेकवर रांगेत उभी असायची, तेव्हा वाटायचं देवळात हात जोडून बाया उभ्या आहेत. सकाळी लिफ्टनं एकेक वर यायचं, पंख सावकाश खाली येऊन सरळ व्हायचे. सुरू करताना काडतुसाचा बार व्हायचा, काळा धूर निघायचा आणि मग ती शीळ. आधी बारीक, मग अंगातून जाणारी. वाफेवर चालणारी गोफण विमानाला पुढे भिरकावून द्यायची. डेक संपायचा, विमान क्षणभर खाली दिसेनासं व्हायचं. तेवढ्या क्षणात आम्ही सगळे श्वास रोखून धरायचो. मग ते पाण्यावरून वर येताना दिसायचं आणि उन्हात लुकलुकत लहान होत जायचं.

उतरणं त्याहून अवघड. डेकवर आडवे लोखंडी दोर ताणलेले असत. विमानाच्या शेपटीखालचा आकडा त्यांतल्या एकात अडकला की विमान जागच्या जागी थांबायचं. नाही अडकला, तर पुन्हा उडून फेरी मारायची. एवढ्या मोठ्या समुद्रात ते जहाज वरून काडेपेटीएवढं दिसतं, असं पायलट सांगायचे.

लेफ्टनंट बक्षी साहेब आमच्या खोलीत उगीचच यायचे. पंजाबी माणूस, चोविशीतला, सदा गुणगुणणारा. बाकीचे पायलट पुडकं घ्यायचे आणि जायचे. हे टेबलाच्या कडेला बसून घडी बघायचे. म्हणायचे, "लोंढे, मेरी वाली में थोडा अत्तर डाल दे. उतरूंगा तो मछलियां खुश हो जाएंगी."

एके दिवशी सकाळी मला तार आली. मुलगी झाली होती. गोव्याच्या तळावर होतो तेव्हा. पेढे कुठून आणणार, म्हणून मेसमधून साखर आणून सगळ्यांच्या हातावर ठेवली. नेमकी त्या दिवशी बक्षी साहेबांची छत्री टेबलावर होती. ते आले, त्यांनी साखर खाल्ली, विचारलं, "नाम क्या रखेगा?" मी म्हणालो, सुजाता. "अच्छा नाम है," म्हणाले आणि गुणगुणत गेले. मी घडी पुरी केली. म्हणजे केली असणारच, कारण सही आहे.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, जहाज समुद्रात असताना, भर दुपारी बक्षी साहेब परत येत होते. वाटेत समुद्रपक्ष्यांचा थवा आडवा आला आणि काही पक्षी इंजिनात गेले. जहाज दिसत होतं, पण इंजिन दम टाकत होतं. शेवटी ते बंद पडलं. साहेबांनी पडदा ओढला, खुर्ची बाहेर उडाली. पण तोवर विमान पाण्याला टेकायला आलं होतं. त्या काळच्या खुर्चीला आणि छत्रीला थोडी उंची लागायची. ती उरली नव्हती. हेलिकॉप्टरनं त्यांना आणलं तेव्हा ते गेलेले होते.

चौकशी झाली. रजिस्टर मागवलं. मला बोलावून तीन-चार प्रश्न विचारले. चीफनी प्रत्येक टप्पा तपासलेला होता. निकाल आला: पक्षी आत गेले, उंची पुरली नाही, कुणाचाही दोष नाही. चीफ केरळचे होते, धीराचा माणूस. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जाओ, काम पे लगो." लागलो. पण त्या रात्रीपासून एक गोष्ट मला सोडीना. त्या दिवशीची घडी मला आठवतच नव्हती. तार आठवत होती, साखर आठवत होती, साहेबांचं हसणं आठवत होतं. पाकळ्या मोजल्याचं, पिशव्या मोजल्याचं, दोऱ्या सरळ केल्याचं काही म्हणता काही आठवत नव्हतं. मी त्या दिवशी खुशीत होतो, एवढंच आठवत होतं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. मंडळींनाही नाही. सुजाताचा वाढदिवस आला की मला काहीतरी काम निघायचं. पोर लहान असताना वाट बघायची, मोठी झाल्यावर तिनं बघणं सोडलं.

नौदलातून सुटल्यावर बारामतीत दुकान टाकलं. ताडपत्री शिवायची, ट्रॅक्टरचे हूड, जीपच्या सीटा, शाळेची दप्तरं. दुकानात बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली एक जाड कापड शिवणारं मशीन. नव्वद साल उलटलं तेव्हा धंदा बऱ्यापैकी चालत होता. ऊसवाले यायचे, बँडवाले यायचे. मोरगावच्या एका म्हातारीनं शेळीच्या कासेला पिशवी शिवून घेतली, करडांनी दूध पिऊन टाकू नये म्हणून. बंद कुठून कुठं न्यायचे हे कळावं म्हणून तिनं शेळीच दुकानात आणली होती. मी माप घेतलं. पायलटच्या पट्ट्यांची मापं घेतलेल्या हाताला शेळी काय जड! पिशवी इतकी फक्कड बसली की पुढं मोरगावच्या आणखी चौघी आल्या.

अशाच एका सकाळी, शिमगा झाल्यावर, एक उंच म्हातारा दुकानात आला. पाठ ताठ, केस पांढरे बारीक कापलेले. काखेत गोणपाटाचं मोठं बोचकं.

"मास्तर, शीड शिवता का?"

"कसलं शीड?"

"होडीचं. पळसदेवला आमची होडी हाय, उजनीच्या पाण्यात. कापड आणलंय. पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालं."

त्यांनी बोचकं सोडलं आणि पांढरं कापड फरशीवर सांडलं. वर पंखा चालू होता. कापडात वारं शिरलं, ते फुगून उभं राहिलं आणि बघता बघता सगळं दुकान पांढऱ्या उजेडानं भरून गेलं. मशीन दिसेना, दार दिसेना. पलीकडं तो म्हातारा सावलीसारखा दिसत होता. मी वीस वर्षांनी त्या कापडाला हात लावला. बोटं आपोआप शिवणीवर गेली.

मी म्हणालो, "ह्याला मी कात्री लावणार न्हाय."

"का? पैसे देतो की."

"पैशाचं न्हाय. हे शिडाचं कापडच न्हवं. हे अर्धी हवा सोडून देतं. तुमची होडी हलायची सुद्धा न्हाय. मी तुम्हाला चांगलं जाड कापडाचं शीड शिवून देतो. हे घरी ठेवा."

त्यांना ते पटलं असावं. "बरं, मग बांधून द्या," म्हणाले. मी पंखा बंद केला. कापड फरशीवर आडवं केलं, टोक खिळ्याला अडकवलं आणि पाकळीवर पाकळी टाकायला लागलो. मला वाटतं माझं मलाच भान नव्हतं. बारा इकडं, बारा तिकडं. शिशाच्या पिशव्या नव्हत्या, म्हणून कात्री, इस्त्री, सुताचं रीळ, जे हाताला लागेल ते वर ठेवत गेलो. मान वर केली तेव्हा तो म्हातारा माझ्याकडं एकटक बघत होता.

"कुठल्या तळावर होतास?" त्यांनी विचारलं. 'मास्तर' गेलं होतं, आवाजही बदलला होता.

मी उभा राहिलो. "गोवा, सर. मग जहाज. सेफ्टी इक्विपमेंट. लोंढे."

"मी शेलार. सी हॉक."

मला चेहरा ओळखू आला नाही. तेव्हा त्यांना मिशा होत्या. पण नाव ओळखलं. लेफ्टनंट कमांडर शेलार. बक्षी साहेब गेले त्या दुपारी त्यांच्या मागून येणाऱ्या विमानात शेलार साहेब होते. हे जहाजावर सगळ्यांना माहीत होतं. मी चहा सांगितला, एवढंच.

चहा पिता पिता ते घरचं सांगत राहिले. मूळ गाव पळसदेव. धरणात जुनं गाव बुडालं तेव्हा ते नोकरीत होते. निवृत्त झाल्यावर काठावर घर बांधलं, थोडी शेती केली, होडी घेतली. "अरे, घरासमोर समुद्र आणून ठेवलाय सरकारनं. तो वापरायला नको?" बक्षी साहेबांचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. जाताना म्हणाले, "शीड झालं की घेऊन ये. बसवायला तूच पायजेस. आता पाणी उतरतंय, बुडालेलं देऊळ वर यायला लागलंय. दाखवतो."

शीड चार दिवसांत झालं. पण जायला मी दीड महिना लावला. रोज ठरवायचो आणि रोज काही कारण काढायचो. त्या माणसानं ते पडताना पाहिलं होतं. जगात एकच माणूस मला सांगू शकत होता की माझी घडी बरोबर होती का चूक. आणि तो एस.टी.च्या वाटेवर, दीड-दोन तासांवर राहत होता. पंचवीस वर्षं मी न कळण्याची सवय करून घेतली होती. कळलं आणि ते वाईट निघालं, तर उरलेल्या आयुष्याचं काय करायचं?

मे महिन्यात एका सकाळी शीड खांद्यावर टाकून निघालो.

पळसदेवला उतरलो आणि पाणी बघून थबकलो. आपल्या ह्या कोरड्या मुलखात एवढं पाणी नजरेला खोटं वाटतं. समोरचा काठ धुक्यासारखा पुसट. मध्ये पाण्यातून जुन्या देवळाचं शिखर आणि थोडी भिंत वर आलेली. तिच्यावर बगळे बसले होते. साहेब काठावर धोतरात उभे होते. मी सलाम करायला हात उचलला, तर म्हणाले, "हितं न्हाय. चल, बस."

शीड बसवलं. वारं पश्चिमेचं होतं. कापड एकदा फडफडलं, मग पोट काढून भरलं आणि होडी चालू लागली. साहेब सुकाणू धरून बसले होते. मधेच खाली बोट दाखवून म्हणायचे, "ही शाळा," "हितं आमची विहीर होती." मी वाकून बघायचो, हिरवट पाणी, त्यात ऊन हलतंय, खाली काही असल्यासारखं वाटायचं आणि नसायचं. बुडालेल्या गावावरून आम्ही उडत चाललो होतो म्हणा ना.

"वरून असंच दिसायचं," साहेब म्हणाले. "सकाळच्या पहिल्या फेरीला. खाली निळं, वर निळं. आपण चाललोय का थांबलोय ते कळायचं न्हाय. बक्षी तर गायचा रेडिओवर. शिव्या खायचा पण गायचा."

नाव त्यांनीच काढलं. मी आणखी थांबलो असतो तर परत कधी बोललो नसतो.

"सर, त्यांची छत्री मी बांधली होती."

साहेबांनी सुकाणू तसंच धरलं. "माहीत हाय. दुकानात नाव सांगितलंस तेव्हाच आठवलं. चौकशीच्या कागदात होतं."

मग मी सगळं सांगितलं. तार, साखर, आणि ती घडी मला आठवत नाही हे. बोलताना माझा आवाज माझाच वाटत नव्हता. सांगून झाल्यावर विचारलं, "सर, तुम्ही बघितली ना? बाहेर आली तेव्हा कशी आली? दोऱ्या आधी ताणल्या होत्या, का सगळं वेटोळं होऊन आलं?"

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही, म्हणून सांगतो. घडी चुकली असेल तर छत्री गुंतून, पिळा पडून बाहेर येते. घडी बरोबर असेल तर कापड लांब पट्टीसारखं सरळ निघतं, दोऱ्या ताणतात आणि मग तोंड उघडतं. बघणाऱ्याला हा फरक दिसतो.

साहेबांनी डोळे मिटले; ते त्यांनी पुन्हा बघितलं असावं.

"सरळ आली," ते म्हणाले. "एक लांब पांढरी रेघ. मग दोऱ्या ताणलेल्या दिसल्या. मग तोंड उघडलं. वाऱ्यानं पोरीचा परकर फुगतो ना, तशी फुगायला लागली होती. अर्धी भरली होती, लोंढे. मग पाणी आलं."

मी होडीच्या कडेला घट्ट धरून बसलो. मला रडू आलं नाही. टेबल दिसलं, माझे हात दिसले, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ते हात मला नीट काम करताना दिसले. त्या जूनमध्ये सुजाताच्या वाढदिवसाला मी पेढे घेऊन इंदापूरला गेलो; ती तिथं शाळेत शिकवते. मला दारात बघून ती घाबरलीच. "बाबा, काय झालं? आई बरी हाय ना?" बापानं वाढदिवसाला येणं म्हणजे काहीतरी अशुभच घडलं असणार, असं वाटायची पाळी मी तिच्यावर आणली होती. पण हे नंतरचं.

होडीत साहेब म्हणाले, "आता माझं ऐक. तू विचारलंस, मी खरं सांगितलं. आता मी विचारतो, तू खरं सांग."

"विचारा."

"पक्षी आत गेल्यावर तो रेडिओवर म्हणाला, इंजिनाचा आवाज बदललाय, बाहेर पडू का? मी म्हणालो, 'रुक. जहाज दिख रहा है. रुक.' मला वाटलं पोचंल. सगळ्यांना वाटलं. चौकशीत म्हणाले, सल्ला बरोबर होता. बायकोला मी हे सांगितलंच न्हाय. मित्र म्हणाले, तू काय केलंस, तू त्याला घरी आणत होतास. सगळे तेच म्हणतात." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुला त्या खुर्चीचं, छत्रीचं माहीत हाय. मी रुक म्हणालो तेव्हा तो चांगला उंच होता. तेव्हाच बाहेर पडला असता, तर?"

माझ्या लक्षात आलं की मला मोकळं करणारी गोष्ट आणि त्यांना बांधून ठेवणारी गोष्ट एकच होती. छत्री सरळ उघडत होती. म्हणजे कमी पडली ती उंचीच. मी नाही म्हणू शकलो असतो. समुद्र खवळलेला होता, पाठीला मार बसला असता, असं काहीबाही सांगता आलं असतं. पण त्या माणसानं आत्ताच मला खरं सांगितलं होतं, आणि सांगताना स्वतःच्या विरुद्ध साक्ष दिली होती.

"वाचले असते, सर," मी म्हणालो. "बहुतेक वाचलेच असते."

वारं पडलं. शीड लोंबायला लागलं. होडी आपली आपण देवळाकडं सरकत राहिली. साहेबांनी सुकाणू सोडलं, ओंजळीत पाणी घेतलं आणि तोंडावर मारलं. दोनदा, तीनदा. मला वाटलं मी मोठं पाप केलं.

"पण सर, इंजिन अगदीच बंद पडंल हे तुम्हाला कुठं माहीत होतं?"

"न्हवतं माहीत." ते शांतपणे म्हणाले. "ते बी खरं, आन् हे बी खरं. दोन्ही खरं हाय. सगळे मला एकच सांगायचे, म्हणून माझा त्यांच्यावर इश्वास बसायचा न्हाय." धोतराच्या सोग्यानं त्यांनी तोंड पुसलं. "बरं झालं. आता तरी कुणी माझं ऐकून घेतलं."

होडी देवळाच्या भिंतीला हलकेच टेकली. बगळे उडाले आणि पुन्हा पलीकडं बसले. आम्ही तिथंच बसून राहिलो. ऊन चढत होतं. भिंतीवरच्या ओल्या दगडांना शेवाळाचा वास होता. साहेब बक्षी साहेबांच्या गोष्टी सांगायला लागले. मेसमधल्या कुणाचा स्वेटर घालून त्यांनी कुणाच्या लग्नाला हजेरी लावली, उतरताना आकडा तीनदा चुकल्यावर डेकवर उतरून दोराला कसा साष्टांग नमस्कार घातला. मी अत्तराची गोष्ट सांगितली. साहेब इतके हसले की होडी हलली. मेलेल्या माणसाबद्दल हसता येतं, हे आम्हाला दोघांनाही तोवर माहीत नव्हतं.

जेवायला घरी गेलो. वहिनींनी माशाचं कालवण आणि ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या. बारीक अंगाच्या, हसऱ्या बाई. मला म्हणाल्या, "भाऊ, लाजायचं न्हाय, पोटभर जेवायचं." माझ्या आईच्या काळात पिंपळीतल्या अशा घराच्या ओट्यावर आम्हाला चढता येत नसे. त्या दिवशी साहेबांच्या पंगतीला बसलो, आणि ही गोष्ट मला घरी परतल्यावर सुचली. जेवताना सुचलीच नाही.

साहेबांनी दोन घास खाल्ले आणि एकदम म्हणाले, "अगं, तुला एक सांगायचं राहिलंय." आणि त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. पक्षी, इंजिन, आणि आपण रेडिओवर काय बोललो ते. मी खाली मान घालून ताटाकडं बघत होतो. वहिनी भाकरीचं ताट मांडीवर धरून ऐकत होत्या.

ऐकून झाल्यावर त्यांनी मांडीवरचं ताट खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हंजी ते 'रुक, रुक' त्येला व्हय?"

"कुठलं रुक?"

"आवं, झोपंत म्हणता की तुमी. पंचवीस वर्षं म्हणताय. 'रुक, रुक.' कधी हात बी धरता." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "भाऊ, मला वाटायचं, मलाच थांब म्हणत्यात. हे बोटीवर असले की मी माहेरी जायची. पन हे घरी असले की एक रात बी कुठं ऱ्हायले न्हाय. माहेर हितं भिगवणला. सख्ख्या भावाचं लगीन झालं, अक्षता पडल्या आन् मी परत. भावजय अजून बोलून दाखवती. म्हटलं बोलू दे. ह्यो माणूस झोपंत थांब म्हणतोय, आन् मी जाऊ कशी?"

साहेबांचा हात ताटातच राहिला होता. ते बायकोकडं असे बघत होते, जणू ती त्यांना आत्ताच दिसली होती.

वहिनींनी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. "आता भावाची नात पाळण्यात हाय. आता तरी जाऊ का चार दिस?"

"जा," साहेब म्हणाले. "मी सोडायला येतो."

मग घास तोंडाशी नेता नेता थांबून म्हणाले, "पण चारच दिवस."